हाड नसलेला इतिहास: भंडाऱ्याचे खडक आणि जीवसृष्टीचा काळ

(भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या महिन्यात तुमसरकडच्या एका शाळेत गेलो होतो. पृथ्वीचा इतिहास सांगत होतो. डायनासोरचं चित्र भिंतीवर दाखवलं, मुलं खूश. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, चंद्रपूरकडे डायनासोरची हाडं सापडली, नागपूरला शिंपले सापडले, मग आपल्याकडे काहीच का नाही सापडत?"

मी तिला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं, पण घरी येताना ते मलाच पटेना. कारण हा प्रश्न फक्त तिचा नाही. आपण मोठी माणसंही असंच समजतो. भंडारा म्हणजे तलाव, धान, पितळी भांडी, मँगनीज. जीवसृष्टीचा इतिहास म्हटला की तो दुसरीकडे कुठेतरी घडला. आज तासाभरात मला त्या मुलीला नीट उत्तर द्यायचंय. तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून बसा. (हशा)

आधी काळ किती मोठा आहे ते पाहू. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. हा आकडा ऐकून डोक्यात काहीच उमटत नाही. म्हणून आपण भंडाऱ्याहून नागपूरला जाऊ. अंतर साधारण ६० किलोमीटर धरा. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पृथ्वी जन्मली आणि नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाला हात लावला की आजचा दिवस. या हिशेबात एक किलोमीटर म्हणजे साडेसात कोटी वर्षं आणि एक मीटर म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षं.

गाडी निघाली. पहिले चौदा किलोमीटर जिवंत कशाचाच भक्कम पुरावा नाही. मग सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे, ऑस्ट्रेलियातल्या खडकांत टिकलेले, सूक्ष्म जीवांच्या थरांचे अवशेष येतात. अर्धी वाट संपत येते, मौद्याच्या आसपास आपण पोचतो, तेव्हा कुठे हवेत ऑक्सिजन साठायला लागतो. ही गोष्ट सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीची. आणि प्राणी? डोळ्यांना दिसतील असे, कवच असलेले, पाय असलेले प्राणी मुबलक दिसायला लागतात ते ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे नागपूर सात किलोमीटरवर आलं, पारडीच्या आसपास पोचलो, तेव्हा! डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. झिरो माइल तिथून ९०० मीटरही उरत नाही. आणि योगायोग पाहा, तिथून हाकेच्या अंतरावर सीताबर्डीची टेकडी आहे, आणि ती साधारण त्याच काळात वाहिलेल्या लाव्हाची आहे. आपल्यासारखा माणूस आला तो शेवटच्या चार मीटरमध्ये. पवनीचे स्तूप, जे १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आले, ते शेवटच्या तीन सेंटिमीटरमध्ये. आपल्या मँगनीजच्या खाणी? दीड-दोन मिलिमीटर.

आता शाळेच्या पुस्तकातला कालश्रेणीचा तक्ता आठवा. कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन, डेव्होनियन, पर्मियन, ट्रायासिक, जुरासिक, क्रिटेशस. एवढी सगळी नावं, पण ती बसतात कुठे? शेवटच्या सात किलोमीटरमध्ये! त्याआधीच्या ५३ किलोमीटरना, म्हणजे इतिहासाच्या ८८ टक्के भागाला, कित्येक पुस्तकांत एकच शब्द असतो: कँब्रियनपूर्व. म्हणजे "त्याआधीचं". एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं चरित्र लिहायचं, आणि पहिल्या सत्तर वर्षांना "म्हातारपणाआधी" एवढाच मथळा द्यायचा, तसं हे झालं.

असं का झालं? इथे थोडा इतिहासाचा इतिहास सांगावा लागेल.

१६६९ मध्ये निकोलस स्टेनोनं साधी गोष्ट मांडली. गाळाचे थर एकावर एक बसतात, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. विहीर खणणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पुढे इंग्लंडमध्ये कालव्यांची कामं करताना विल्यम स्मिथच्या लक्षात आलं की प्रत्येक थरातले शिंपले वेगळे आहेत, आणि शिंपल्यांवरून दूरदूरचे थर जुळवता येतात. त्याचा नकाशा १८१५ चा. मग नावं पडायला लागली. वेल्सच्या जुन्या लॅटिन नावावरून कँब्रियन. तिथल्या सिल्युरेस आणि ऑर्डोव्हिसेस या प्राचीन जमातींवरून सिल्युरियन आणि ऑर्डोव्हिशियन. रशियातल्या पर्म गावावरून पर्मियन. जुरा पर्वतावरून जुरासिक.

म्हणजे ही कालश्रेणी जीवाश्मांवर उभी राहिली. जिथे शिंपला आहे तिथे नाव आहे. जिथे शिंपला नाही ते खडक तळाशी, एका पोत्यात भरून ठेवले. त्यांचं वय मोजायची सोयही तेव्हा नव्हती. ती आली विसाव्या शतकात. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्या गतीवरून खडकाचं वय काढता येतं. आर्थर होम्सनं १९१३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, आणि मग हळूहळू कळलं की त्या पोत्यात इतिहासाचा मोठा वाटा आहे.

आणि भंडारा जिल्हा? आपला बहुतेक जिल्हा त्या पोत्यात आहे.

आता आपल्या पायाखाली येऊ. भूवैज्ञानिक इथल्या जुन्या भूखंडाच्या तुकड्याला बस्तर क्रेटॉन म्हणतात, आणि त्याचंच दुसरं नाव भंडारा क्रेटॉन. क्रेटॉन म्हणजे खंडाचा जुना, घट्ट, सहसा न हलणारा गाभा. त्याच्या बस्तरकडच्या बाजूला ३५० कोटी वर्षांहून जुने खडक मोजले गेलेत. या गाभ्यावर आणि त्याच्या काठावर पुढे गाळ साचला, ज्वालामुखींचा मालही पडला. त्यातल्या एका खडकसमूहाला नाव आहे साकोली. होय, आपली साकोली! दुसऱ्याचं नाव सौसर, छिंदवाड्याकडच्या गावावरून. आणि सौसरच्या अगदी खालच्या थराला नाव आहे सीतासावंगी. तुमसर तालुक्यातलं, चिखल्याच्या खाणीजवळचं गाव. भूविज्ञानाचा विद्यार्थी मध्य भारताचा इतिहास वाचायला बसला की त्या भागाचं पहिलं पान सीतासावंगी. तिथल्या पोरांना हे कुणी सांगितलंय का?

आता मी एक दगड फिरवतो, हातात घेऊन पाहा. जड आहे ना? आणि बोटं बघा, काळी झाली. काळजी करू नका, साबणानं जातं. (हशा) हे मँगनीजचं खनिज, डोंगरी बुजुर्गकडे मिळतं त्या प्रकारचं. लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल कुणी फोडलाय? आत काळी भुकटी असायची, त्यात हेच मँगनीज डायऑक्साइड. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण अशा मालासाठी ओळखली जाते. चिखल्याला जमिनीखाली उतरून खाणकाम होतं. बहुतेक मँगनीज जातं पोलादात, कारण ते लोखंडातलं गंधक आणि ऑक्सिजन बाजूला काढतं आणि पोलादाला बळ देतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या पट्ट्यात खाणी आहेत. लुइस फर्मर या भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही उघडावा लागतो. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, ती आजची मॉयल.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी खाणीत काम करून गेलंय. पण हा दगड इथे आला कसा, ते ऐका.

मँगनीज पाण्यात विरघळतं, एका अटीवर: पाण्यात ऑक्सिजन नसला पाहिजे. प्राचीन समुद्रात तो जवळजवळ नव्हताच. नद्या जमिनीवरून मँगनीज आणायच्या, समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतून आणखी यायचं, आणि ते साखरेसारखं विरघळून राहायचं. लोखंडाचंही तसंच. मग पाण्यात ऑक्सिजन आला. लोखंडाला थोडा ऑक्सिजन पुरतो, ते आधी गंजून तळाशी बसतं. मँगनीज हट्टी आहे. त्याला बाहेर पाडायला जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणून जगात मँगनीजचे मोठे साठे दिसायला लागतात ते ऑक्सिजन वाढल्यावर. दक्षिण आफ्रिकेतलं कालाहारीचं प्रचंड मँगनीज क्षेत्र त्याच सुमाराचं. आपलं सौसरचं मँगनीज त्यानंतरचं, पण नियम तोच: ऑक्सिजन असलेल्या पाण्यानं विरघळलेलं मँगनीज तळाशी बसवलं.

मग ऑक्सिजन कुठून आला? खडकातून आला नाही, आकाशातून पडला नाही. तो जिवांनी केला. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपले शेतकरी ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते. धानाच्या बांधीत खत म्हणून सोडतो ना आपण? तेच कूळ. उन्हाच्या जोरावर पाणी फोडायचं, हायड्रोजन स्वतःसाठी ठेवायचा आणि ऑक्सिजन फेकून द्यायचा, ही युक्ती त्यांनी साधली. आज तुम्ही जो श्वास घेताय तो त्या युक्तीचा कचरा आहे.

म्हणजे त्या मुलीला माझं उत्तराचं पहिलं वाक्य हे: बाळा, तुझ्या गावच्या खाणीतला प्रत्येक काळा दगड जीवसृष्टीची खूण आहे. हाड नाही, शिंपला नाही, पण जीव नसते तर हा दगड इथे असा साचला नसता.

आणि गंमत पुढेच आहे. पाणी फोडणं फार अवघड काम आहे. हे काम वनस्पतींच्या पानात आणि त्या शेवाळात एक चिमुकली रचना करते. तिच्यात चार अणू मँगनीजचे आणि एक कॅल्शियमचा असतो. मँगनीजशिवाय ते यंत्र चालत नाही. जिवांनी मँगनीज हाताशी धरून ऑक्सिजन तयार केला, आणि त्याच ऑक्सिजननं समुद्रातलं मँगनीज दगड करून तळाशी बसवलं. आज चिखल्याच्या खाणीशेजारी बांधीत रोवणी होते तेव्हा त्या हिरव्या धानाच्या प्रत्येक पानात तेच चार अणू पाणी फोडत असतात. खाणीत मँगनीज, पानात मँगनीज. मधे कित्येक कोटी वर्षं गेली, पण काम तेच चालू आहे.

आता दुसरा भाग. जीव होते तर त्यांचे ठसे का नाहीत? कारणं दोन.

पहिलं, तेव्हाचे जीव सूक्ष्म होते. त्यांना हाड नव्हतं, कवच नव्हतं. काही ठिकाणी त्यांच्या थरांचे ढिगारे दगड होऊन टिकतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये रायपूरकडच्या चुनखडकांत ते सुंदर दिसतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपले खडक भट्टीतून गेलेत. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी मध्य भारतात भूखंडांचे तुकडे एकमेकांवर दाबले गेले आणि पर्वत उठले. सौसरचा गाळ खोल गेला, मुरडला, काही ठिकाणी सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापला. चिखलाचा शिस्ट झाला, चुन्याचा संगमरवर झाला, वाळूचा क्वार्ट्झाइट. मँगनीजयुक्त चिखलाचा गार्नेट आणि क्वार्ट्झचा एक खडक झाला. फर्मरनं त्याला नाव दिलं गोंडाइट, इथल्या गोंड समाजावरून. आपल्या जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट मिळतं. दोघांची रासायनिक घडण एकच, पण कायनाइट जास्त दाबात तयार होतं आणि सिलिमनाइट जास्त उष्णतेत. म्हणजे खडक किती दाबला, किती तापला याची नोंद तो स्वतःच ठेवतो. अशा भट्टीत नाजूक ठसे पुसले जातात. जळालेल्या वहीतली अक्षरं वाचता येत नाहीत, पण राखेवरून वही होती हे कळतं. तसं हे आहे.

इथपर्यंत शंभर कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. त्यानंतर? इथे आपलं पुस्तक फाटलंय, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. वैनगंगेच्या काठावर अशी जागा शोधा, जिथे नदीचा गाळ थेट जुन्या, मुरडलेल्या खडकावर बसलाय. त्या रेषेवर हात ठेवा. अंगठा जुन्या खडकावर, करंगळी गाळावर. दोहोंच्या मधे शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा काळ बेपत्ता आहे! भूविज्ञानात याला विसंगती म्हणतात. जेम्स हटनला १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशीच एक रेषा दिसली आणि काळ केवढा अफाट आहे हे त्याच्या ध्यानात आलं. ती जागा जगप्रसिद्ध आहे, लोक तिथे यात्रेसारखे जातात. तिथे हरवलेला काळ कोटींच्या एक अंकी आकड्यात आहे. आपल्याकडे तो कितीतरी पट जास्त आहे, आणि तिथे आपण म्हशी धुतो. (हशा)

त्या हरवलेल्या काळात मासे आले, जंगलं आली, डायनासोर आले आणि गेले. आपल्याकडचे थर एक तर साचलेच नाहीत किंवा झिजून वाहून गेले. मग ती पानं वाचायची कुठे? शेजाऱ्याकडे. फार लांब जायला नको.

स्टीफन हिस्लॉप हे नाव तुम्ही नागपूरच्या कॉलेजामुळे ऐकलं असेल. १८४५ मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी दगड वेचायचा आणि गोंडांची गाणीही लिहून घ्यायचा. १८५१ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले. विचार करा, लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, गोगलगायी नांदल्या, आणि पुन्हा लाव्हा आला. आपल्या बोड्यांसारखंच एखादं तळं असेल ते. कामठी-सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या झाडाची पानं मिळाली. हीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, एवढंच काय अंटार्क्टिकावरही सापडतात, कारण हे सगळे भूभाग तेव्हा एकत्र होते. त्या महाखंडाला नाव पडलं गोंडवन. १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉटनं मध्य भारतातल्या खडकांसाठी हा शब्द वापरला, पुढे एडुआर्ड झ्यूसनं तो महाखंडाला दिला.

मघाशी मी सिल्युरेस जमातीचं नाव घेतलं. वेल्सची एक जुनी जमात कालश्रेणीत अमर झाली. तसंच आपल्या गोंडांचं नाव अर्ध्या पृथ्वीला मिळालं. त्यात भंडाऱ्याचाही वाटा आहे, कारण हा मुलूख गोंडांचा. आपण मात्र "गोंडवन" हा शब्द फक्त परीक्षेपुरता पाठ करतो.

हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेला होता. परतताना रात्री पुराच्या ओढ्यात तो बुडाला. ज्या भूमीचा इतिहास तो वाचत होता, तिथल्याच पावसाळी पाण्यानं त्याला नेलं.

आता शेवटाकडे येतो. इतक्या लांबची गोष्ट आज का सांगायची? एक कारण आहे, आणि ते मला टोचतं. आपली पानं आपण विकतोय. खाण चालली पाहिजे, त्यावर घरं चालतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा दगड भट्टीत गेला की तो कुठल्या थरातून आला, त्याच्यावर काय होतं, खाली काय होतं, ही माहितीही गेली. रस्त्यासाठी टेकडी कापतात, विहीर खणतात, तलाव खोल करतात, तेव्हा काही दिवस एक ताजं पान उघडं पडतं. मग ते झाकलं जातं.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे, शिक्षकांना विशेष. तुमच्या शाळेत एक लाकडी पेटी ठेवा. गावात खोदकाम झालं की एक मूठभर दगड उचला आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: गाव, खोली, तारीख. दगड कुठला हे लिहिलं नसेल तर तो नुसता धोंडा. लिहिलं असेल तर तो पुरावा. हिस्लॉपनं तरी वेगळं काय केलं? उचललं, लिहिलं, जपलं. खर्च काही नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या शाळेत पुन्हा जाणार आहे. त्या मुलीसाठी हा काळा दगड घेऊन जाईन आणि येताना तिच्या गावातला एक दगड तिच्याकडून मागेन. त्यावर गाव, खोली, तारीख तिनंच लिहायची. तिच्या शाळेच्या पेटीतला तो पहिला दगड असेल.

 आणि ज्यांच्या बोटांना काळं लागलंय त्यांनी जेवायच्या आधी हात धुवा.